गाणे कोणाचे, फलक कोणाचा?

नेपियर टाउनच्या रस्त्यांवरून सायंकाळी फिरावयास निघणाऱ्या रसिकास गावात गवई येणार असल्याची वार्ता आता फ्लेक्सच्या फलकावरून कळते. कळते म्हणण्यापेक्षा ती त्यास शोधून काढावी लागते. त्या झगझगीत कापडावर प्रथम दिसतात ते हात जोडून उभे असलेले शुभेच्छुक. त्यांच्या खाली निमंत्रक, त्यांच्या खाली सहनिमंत्रक, मग एक सराफ, एक घरबांधणीचे कंत्राटदार आणि एक शिकवणी-वर्ग. या साऱ्या गर्दीतून दृष्टी वाट काढीत गेली, तर एका कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा गवई सापडतो. तबलजी व पेटीवाला यांची नावे बहुधा नसतातच. गाणे या मंडळींच्या साहाय्यावाचून होत असावे, अशी फलक रंगविणाराची समजूत दिसते.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. कुरूप फलकाकडे पाहू नये म्हणजे झाले. परंतु फलकावर जो मोठा, तोच पुढे सभागृहातही मोठा होतो. सायंकाळी सहाची वेळ दिलेली असते. साडेसहाला दीपप्रज्वलन होते, मग शाल-श्रीफळांची देवघेव, मग प्रायोजकांचे मनोगत, मग त्या मनोगताबद्दल आभार. आत तंबोरे जुळवून बसलेल्या गवयाने सूर्यास्ताच्या वेळेचा मारवा मनाशी योजिलेला असतो. तो व्यासपीठावर येतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात आणि मारव्याची वेळ टळलेली असते. एका सराफाच्या मनोगतापायी त्या दिवसाचा मारवा गेला, तो गेला. त्याची भरपाई कोणत्याही धनादेशाने होत नाही. मुद्रिका पुन्हा लावता येते. समोर बसून ऐकावयाचे गाणे त्या घटकेचेच असते.

जाहिरात या गोष्टीशी आमचे वैर नाही. उलट, जाहिरात ही कला असू शकते हे मराठी माणसाने सिद्ध केले आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली, की वृत्तपत्रातील जाहिरातीत नाटकाचे नाव वाचतानाच त्याची प्रकृती कळावी. र. कृ. जोशी यांनी जाहिरातसंस्थेत अनेक वर्षे काम केले, पुढे पवईच्या आय. आय. टी. मध्ये अध्यापन केले आणि संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला. आमच्या वाचकांपैकी जे अधिकारी कचेरीत वर्षानुवर्षे हिंदीतून टिप्पण्या टंकित करीत आले, त्यांच्या डोळ्यांखालून या मराठी सुलेखनकाराची अक्षरे हजारो वेळा गेली असतील. त्याचे नाव मात्र क्वचितच कोणास ठाऊक असेल. या दोघांच्या कामात अक्षर हे सांगावयाच्या गोष्टीचे सेवक होते. आकाशवाणीच्या विविध भारतीवर 1967 साली जाहिराती सुरू झाल्या, तेव्हाही जाहिरात गाण्याच्या आधी किंवा नंतर येई. गायकाची तान मध्येच थांबवून साबणाचे गुण सांगण्याचे धाडस कोणी केले नाही. आज प्रत्यक्ष मैफलीत मध्यंतरानंतर दुसरी बंदिश सुरू होण्यापूर्वी देणगीदारांची यादी वाचली जाते, ती या दृष्टीने अधोगतीच म्हटली पाहिजे.

आणि हे घडते कोठे? ज्या जबलपुरात गोलबाजारच्या शहीद स्मारकाच्या भिंती ब्योहार राममनोहर सिन्हा व त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी चित्रांनी भरून टाकल्या, त्या जबलपुरात. नंदलाल बसूंच्या या शिष्याने भारताच्या संविधानातील उद्देशिकेचे पृष्ठ सजविले. त्या पृष्ठाच्या नक्षीत, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, नागरी अक्षरांत ‘राम’ एवढीच सही आहे. राष्ट्राच्या सर्वांत महत्त्वाच्या कागदावर काम केलेल्या माणसास दोन अक्षरे पुरली. एका संध्याकाळच्या मांडवाचे भाडे देणाऱ्यास मात्र स्वतःचा चेहरा चार हात उंचीचा लागतो!

येथून कटनीमार्गे रेल्वेने पुढे गेले की मैहर लागते. तेथे बाबा अलाउद्दीन खाँ यांनी साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना वाद्ये शिकवून वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकांच्या नळ्या कापून, त्यांना सुरात आणून ‘नलतरंग’ नावाचे वाद्य बनविले. विचित्र वस्तूंचा शोध घेणाऱ्यांनी याहून विचित्र वस्तू क्वचितच पाहिली असेल. परंतु तिच्यातील विचित्रपणा मिरविण्यासाठी नव्हता. मारण्यासाठी बनलेल्या लोखंडातून स्वर काढावयाचा, या एकाच गरजेतून तिला आकार आला. 1904 पासून तोफगाडे बनविणाऱ्या शहराच्या शेजारीच हे घडावे, यात मोठा अर्थ आहे. लोखंड स्वराच्या सेवेस आले. आमच्या मैफलीत मात्र स्वर कापडी फलकाच्या सेवेस लागला आहे.

असे का झाले, याचे उत्तर अप्रिय आहे. तरी ते दिले पाहिजे. ज्याचे पैसे, त्याची भिंत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, ते एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर न विसंबता. तिकीट लावून सार्वजनिक मैफल करण्याची प्रथा त्यांनी रुजविली, त्यात केवळ द्रव्याचा विचार नव्हता. गवयाने दरबाराच्या दाराशी उभे राहू नये, ऐकणाऱ्याने त्यास मानाने पोसावे, असा तो बाणा होता. तिकीट म्हणजे श्रोत्याने गवयाशी केलेला करार होय. हा करार मोडला कोणी? फुकट पासाने.

आणि पासांचे मानकरी कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. उच्च न्यायालय, रेल्वे, वीजमंडळाच्या कंपन्या, संरक्षण कारखाने यांच्या निमित्ताने येथे बदलून आलेला मराठी अधिकारी पहिल्या रांगेतील सोफ्यावर बसतो, तो पासावर. पुण्यामुंबईस असताना रांगेत उभे राहून तिकीट काढणारा हाच गृहस्थ बदलीच्या गावी येताच तिकीट काढणे आपल्या हुद्द्यास कमीपणाचे समजू लागतो. वर घरी पत्नीस सांगतो, ‘अहो, इथे गाण्याला पहिल्यासारखी मजा नाही.’ मजा कोठून असणार? त्याच्या खुर्चीचे पैसे सराफाने भरले आहेत आणि सराफ त्याची वसुली मनोगतातून करीत आहे. सराफाचा यात काय दोष? त्याने भिंत विकत घेतली. विकावयास काढली ती पासवाल्यांनी.

यावर एक आक्षेप येईल, तो आम्ही टाळीत नाही. सभागृहाचे भाडे, कलावंतांची बिदागी, रेल्वेभाडे, मुक्काम, ध्वनिव्यवस्था यांचा खर्च मूठभर मराठी कुटुंबांनी कसा पेलावा? प्रायोजक नसेल तर गाणेच होणार नाही. आक्षेप खरा आहे. पण पुरता खरा नाही. दोनशे श्रोत्यांनी प्रत्येकी तीनशे रुपये दिले, तर साठ हजार होतात. त्यात सारा खर्च कदाचित निघणार नाही. परंतु मैफलीचा मालक कोण, हे ठरविण्यास ते पुरेसे आहेत. उरलेली रक्कम प्रायोजकाने अवश्य द्यावी. त्याचे नाव फलकाच्या तळाशी, एका ओळीत, स्वच्छ अक्षरांत छापावे. तेवढ्या मानास तो पात्र आहे. देणगीने कृतज्ञता मिळते, व्यासपीठ मिळत नाही, एवढा भेद राखला म्हणजे पुरे.

म्हणून आमची मागणी थोडी आहे. फलकावर गवयाचे नाव सर्वांत मोठे असावे. साथीदारांची नावे त्याच्या खालीच असावीत. वेळ दिली असेल ती पाळावी. भाषणे करावयाचीच असतील, तर भैरवी झाल्यावर करावीत. ज्यांना ती ऐकावयाची असतील ते थांबतील, आणि किती थांबतात हे वक्त्यांसही कळेल. पास कोणासही देऊ नये, जिल्हाधिकाऱ्यांसही नाही.

बदली होऊन आलेला माणूस गावात तीन-चार वर्षे राहतो आणि निघून जातो. त्याच्यामागे बंगला उरत नाही, हुद्दा उरत नाही. पण त्याने पाडलेली चाल उरते. तिकीट काढून मैफलीस जाण्याची चाल मागे ठेवून जावी, की पास मागण्याची, एवढेच ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. खिडकी उघडी आहे. रांग मात्र अद्याप लागलेली नाही.