पन्नास रुपयांची पोफळ

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड या भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांची कौले उडाली, विजेचे खांब पडले. कौले वर्षभरात चढली, खांबही उभे राहिले. वाड्यांचे तसे झाले नाही, होणारही नव्हते.

बारमाही फळझाडांसाठी आपत्ती निवारण निधीचा तेव्हाचा दर हेक्टरी १८ हजार रुपये होता. राज्य सरकारने तो वाढवून ५० हजार केला, मर्यादा दोन हेक्टर. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीवाल्याला मिळाले पाच हजार. पडलेली झाडे करवतीने कापून, ओढून वाडीबाहेर काढायची मजुरी तरी यात निघेल का? यावर ओरड झाली, तेव्हा झाडाप्रमाणे दर आला: नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हाही हेच दर राहिले. दहा गुंठ्यांत सव्वाशे पोफळी धरल्या तर सहा हजार अडीचशे होतात.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. टाळेबंदीत तिजोरी रिकामी असताना तीनपट दर देणे सोपे नव्हते. माझा आक्षेप रकमेपेक्षा मापाला आहे. भात बुडाले तर एक हंगाम जातो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येते. पोफळीचे रोप लावल्यावर सुपारी दिसायला सहा-सात वर्षे लागतात, भरघोस पीक त्याहून उशिरा. बाणवली नारळाचेही तसेच. म्हणजे शेतकऱ्याचे एक पीक गेलेले नसते, सहा-सात वर्षांची मिळकत गेलेली असते. शिवाय पोफळ सावलीत वाढणारे झाड. आजूबाजूची उंच झाडे पडली की वाचलेल्या पोफळींना ऊन लागून त्यांची खोडे भाजतात. पंचनाम्यात उभी दिसलेली झाडे दोन उन्हाळ्यांनंतर मरतात, आणि तोवर यादी बंद झालेली असते.

या मापाबद्दल एक हदीस मला फार महत्त्वाची वाटते. सहीह मुस्लिममध्ये कबीसा बिन मुखारिक यांच्याकडून ती आली आहे. लोकांपुढे हात पसरणे पैगंबरांना (स.) आवडत नसे, पण तीन प्रकारच्या माणसांना त्यांनी मागायची मुभा दिली. त्यातला एक, ज्याची मालमत्ता एखाद्या आपत्तीने नष्ट केली तो. त्याने किती काळ मागावे? त्याची उपजीविका पुन्हा उभी राहीपर्यंत. मदतीचे माप इथे हेक्टर नाही, झाडही नाही. माणूस पुन्हा स्वतःच्या कमाईवर कधी जगू लागेल, हे माप आहे.

याच हदीसमध्ये उपासमारीत सापडलेल्या माणसासाठी त्याच्या लोकांतल्या तीन शहाण्या माणसांची साक्ष सांगितली आहे. आपत्तीत सापडलेल्यासाठी साक्षीची अट नाही. भाष्यकार कारण देतात की आपत्ती सगळ्यांना दिसलेली असते. आपल्याकडे उलटे आहे. वादळ उपग्रहावरून दिसते, तरी मदत अडते ती सातबाऱ्यावर. वाडी अजून पणजोबांच्या नावावर, सामाईक खाते, वारसांत बहिणी सासरी, एक भाऊ कुवेतला, एक मुंबईत. सगळ्यांची संमतीपत्रे आणायची कुणी? जो गावात राहून झाडांना पाणी घालतो त्याच्या नावावर बहुधा एक गुंठाही नसतो. बहिणींचे हिस्से वेळेवर नोंदवले असते तर हा गुंता निम्मा झाला असता, आणि तो दोष सरकारचा नाही.

आता आपल्याकडे वळतो. वादळानंतर जमातींनी आणि आखातातल्या गाववाल्यांनी धावपळ केली. धान्य दिले, पत्रे दिले, ताडपत्र्या दिल्या. मग ते थांबले. वाडीला जकात? तो तर जमीनदार, त्याला कशी चालेल, असा प्रश्न आजही विचारला जातो. दहा गुंठ्यांचा जमीनदार! कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, म्हणून शाफई फिकहचेच पाहू. इमाम नववींनी लिहिले आहे की गरजूला जकात इतकी द्यावी की त्याची गरज कायमची भागेल. कारागिराला त्याची हत्यारे घेण्यापुरती, शेतीवर जगणाऱ्याला पोटापुरते उत्पन्न देईल एवढ्या जमिनीपुरती. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा विचार आपल्या रमजानच्या धान्याच्या पिशवीपेक्षा कितीतरी पुढे आहे. आणि तो वाडीवाला कर्जात असेल, तर कर्जबाजारी माणूस हा कुरआनने सांगितलेल्या जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहेच.

म्हणून माझे म्हणणे असे. सरकारने पहिला हप्ता पंचनामा होताच रोख द्यावा आणि लावलेली रोपे जगली आहेत हे पाहून पुढची सहा वर्षे दरवर्षी रक्कम द्यावी. रोजगार हमीतल्या फळबाग लागवडीचे पैसे तीन वर्षे टप्प्याटप्प्याने मिळतात, म्हणजे हप्त्यांची पद्धत सरकारला नवी नाही. मुदत तेवढी झाडाच्या वयाला जुळवायची आहे. वाडी कसणाऱ्याचे नाव ग्रामसभेने सांगावे, सातबाऱ्याचा वाद नंतर मिटत राहील. आणि जमातींनी जकातीतला एक वाटा अशा घरांसाठी सहा वर्षे बाजूला ठेवावा. शंभर घरांना एकदा पिशवी देण्याऐवजी दहा घरांना पोफळ धरेपर्यंत महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी. उरलेली नव्वद घरे नाराज होतील, हे मला माहीत आहे. कोणती दहा, हे ठरवण्यावरून जमातीत भांडणही होईल. ते भांडण मशिदीच्या अंगणात उघडपणे, हिशेबाची वही समोर ठेवून होऊ द्यावे.