माळ्याच्या पायात गमबूट हवेत

पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला, की मी आधी विचारतो, ‘काम काय करता?’ बागेतल्या चिखलात अनवाणी गवत काढणाऱ्याला बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. ‘भिजल्याने आला असेल’ म्हणून तो पॅरासिटामॉलवर दिवस काढतो. पण हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदीर, कुत्रे, गुरे यांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमांवाटे शरीरात शिरतात. वेळेत डॉक्सिसायक्लिनसारखे साधे प्रतिजैविक मिळाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली. तरीही अनेक सोसायट्यांत कंत्राटी माळ्याला खुरपे मिळते, गमबूट मिळत नाहीत. गमबूट ही मेहेरबानी नव्हे. ते खुरप्यासारखेच कामाचे साधन आहे आणि काम देणाऱ्यानेच ते द्यायला हवे. पायाला जखम असताना पाण्यात उतरावे लागले, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. प्रतिबंधक गोळी लागेल का, हे ते ठरवतील. त्या दिवसाची मजुरी मात्र कापू नका. खाडा पडेल या भीतीनेच माणूस रुग्णालयात उशिरा पोहोचतो.