माळा नसलेलं घर

दिवाळीआधीच्या रविवारी माळा काढायचा, हा आमच्या घरचा नेम होता. वडील स्टुलावर चढायचे, आम्ही खाली हात पसरून उभे. वरून पितळेचा बंब, पाय निखळलेला पाट, आजीच्या विरलेल्या लुगड्यांचं बोचकं असं एकेक उतरायचं. निम्मं सामान पुसून परत वर जायचं. ‘असू दे, लागेल कधीतरी.’ आणि लागायचंही. लुगड्यांची गोधडी व्हायची, जुने कपडे देऊन बोहारणीकडून पातेलं यायचं, पाटाला नवा पाय बसायचा.

आमची ती इमारत पस्तिसाव्या वर्षी पुनर्विकासात गेली. आता अकराव्या मजल्यावर मोठं घर आहे. फॉल्स सीलिंग आहे, माळा नाही. यंदाच्या साफसफाईत बिघडलेला मिक्सर निघाला. दुरुस्तीवाल्याने उघडूनही पाहिला नाही. ‘साहेब, पार्ट येत नाही. नवाच घ्या.’ घेतला. जुना ठेवायला जागा कुठे होती?

मुंबईने टाकलेलं बरंचसं सामान 1927 पासून देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर चढत आलं आहे. जानेवारी 2016मध्ये तो पेटला, तेव्हा धूर उपग्रहातून दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपण उंबऱ्याबाहेर लोटलेला केर शेजारच्या गोवंडीकरांच्या नाकातोंडात गेला होता. आग विझली, बातमीही विझली.

खुद्द पाडलेल्या इमारतीचं काय? तिचा राडारोडा ट्रकांतून गेला आणि तिच्या जागी नवं सिमेंट आलं. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण 8 टक्के आहे. त्यातला मोठा भाग इंधनाचा नाही, चुनखडीचा आहे. भट्टीत दगड तापला की त्याच्यातूनच हा वायू सुटतो, त्यामुळे इंधन कितीही स्वच्छ आणलं तरी तो भाग उरतोच. वर ते काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ओकतं. मग आपण एसी लावतो आणि खोलीतली गरमी शेजाऱ्याच्या खिडकीकडे पाठवतो.

याचा अर्थ चाळीत राहा असा नाही. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत, सामाईक संडासापुढे रांग लावून ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या पुनर्विकासातल्या 500 चौरस फुटांकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हाला नाही. चाळीचे गोडवे बहुधा चाळ सोडलेलेच गातात. (हे लिहिणाराही त्यातलाच.) आमचं भांडण आहे ते धडधाकट इमारत केवळ वाढीव एफएसआयसाठी पाडण्याच्या घाईशी, आणि ‘पार्ट येत नाही’ हे निमूट ऐकून घेण्याशी. डागडुजी हा शब्दच आता कमीपणाचा वाटू लागला आहे.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘घर’. तोही कागदावरच छापला आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. ‘मनोरंजन’ मासिकाने 1909मध्ये पाडलेल्या दिवाळी अंकाच्या या प्रथेपायी किती रीम कागद खर्ची पडला असेल! परवा रद्दीवाल्याने जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा काट्यावर चढवला. त्यातले दोन मी हळूच मागे ओढले. ‘आता हे कुठे ठेवणार?’ स्वयंपाकघरातून आवाज आला. उत्तर अजून सुचलेलं नाही. अंक सोफ्याखाली आहेत.