बाळंतीण म्हणजे धडा नव्हे

ब्रिटनमध्ये मिडवाइफचे, म्हणजे शिकलेल्या सुईणीचे, शिक्षण घेणाऱ्या काही मुली काही आठवड्यांसाठी आशिया-आफ्रिकेतल्या रुग्णालयांत येतात. बाळंतपणे पाहतात, अनुभव घेऊन परत जातात. शिकायला येणाऱ्याला दार बंद करू नये, असेच मी म्हणेन. आपल्या आनंदीबाई जोशीही १८८३ साली शिकायलाच अमेरिकेला गेल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता.

पण समजा, अशी एक विद्यार्थिनी उद्या डहाणूच्या मसोलीत उतरली. रुग्णालयात पाड्यावरून आलेली वारली बाई कळा देते आहे. ‘ही मुलगी इथे थांबली तर चालेल का?’ हे तिला तिच्या बोलीत कोण विचारणार? आमच्या मुस्लिम घरांत बाळंतपणाच्या खोलीत परके माणूस नको, असे बायका सांगतात. लोक त्याला मागासलेपण म्हणतात. ब्रिटनमध्ये विद्यार्थिनीला आत घेण्याआधी बाईची संमती विचारतात, त्याला मात्र हक्क म्हणतात. मला दोन्हींत फरक दिसत नाही.

आणि ही वाट एकेरीच का? सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांना १८ महिन्यांचे मिडवाइफचे प्रशिक्षण द्यायचे ठरवले. मग डहाणू-तलासरीच्या परिचारिकेनेही लंडनचे प्रसूतिगृह का पाहू नये?

पाहुणीने जरूर यावे. आधी बाळंतिणीला विचारावे, आणि आपल्या विद्यापीठात इथल्या एका परिचारिकेसाठी जागा ठेवून यावे.