घरातल्या घरात: जुन्या सोलरला पंप जोडताना

मैत्रिणींनो, सोलापूरला उन्हाचा तोटा नाही. गच्चीवरचा जुना सोलर पंपाशिवायच चालतो: तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. नळाची धार मात्र बारीक, म्हणून शॉवरसाठी प्रेशर पंप बसवायचं घाटतं.

पंप सोलरला थंड पाणी देणाऱ्या नळीवर मुळीच बसवू देऊ नका. साध्या सोलरची टाकी दाब सोसत नाही. तिथे पाणी वरच्या टाकीतून उतारानेच येऊ द्या. पंप सोलरमधून खाली येणाऱ्या गरम नळीवर, टाकीच्या पातळीखाली बसवा आणि गरम पाण्याला चालणाराच घ्या. न्हाणीघराच्या थंड नळीलाही तेवढ्याच दाबाचा पंप हवा. नाहीतर जोराचं पाणी मिक्सरमधून उलट फिरतं आणि थंड बाजूचा दाब जास्त असेल तर थंड पाणी सोलरमध्ये शिरून हवेच्या नळीतून गच्चीभर वाहतं. दोन्ही नळ्यांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून घ्या.

पाणी सांडतं म्हणून ती हवेची नळी बुजवू नका हं! दाबाने टाकी फुटेल, नाहीतर पंपाच्या ओढीने चेपेल. उजनीचं पाणी भरून ठेवलेल्या तुम्हांला पाण्याचं मोल मी काय सांगावं? प्लंबर आला की आधी त्याला गच्चीवर न्या, मगच पंप विकत घ्या.