हेलसिंकीला जा, आणि तिथेच राहा

उत्तर युरोपच्या सहलींची पत्रकं सध्या पुष्कळ दिसतात. कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम आणि हेलसिंकी, चार राजधान्या एका आठवड्यात. हेलसिंकीच्या वाट्याला त्यात जेमतेम अर्धा दिवस येतो. सिनेट चौक आणि खडकात कोरलेलं चर्च पाहिलं की लगेच रात्रीच्या बोटीने स्टॉकहोम. माझी सगळी नोकरी कराडकडच्या एका सार्वजनिक वाचनालयात झाली. भाचा हेलसिंकीला स्थायिक झाल्यावर त्याच्याकडे राहून आले, आणि आता जो विचारेल त्याला सांगते, चारांतलं एकच शहर निवडा आणि चार-पाच दिवस तिथेच मुक्काम करा.

एका शहरामुळे तयारीही सोपी होते. शेंगेन व्हिसाचा अर्ज मुक्काम जास्त असेल त्या देशाकडे करायचा असतो, आणि तो सहा महिने आधीपासून करता येतो. चार देशांत दोन-दोन रात्री वाटल्या की इथूनच घोळ सुरू होतो. शिवाय या चौघांत युरो चालतो तो फक्त फिनलंडमध्ये.

ठिकाणांच्या यादीआधी महिना ठरवा. हेलसिंकी साठाव्या अक्षांशावर आहे. जूनच्या उत्तरार्धात दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो, तर डिसेंबरात सूर्य साडेनवाच्या सुमारास उगवून सव्वातीनला मावळतो. पण सर्वांत मोठा दिवस बघायचा म्हणून नेमकं तेव्हाच जाऊ नका. २० ते २६ जूनमधल्या शनिवारी युहान्नुसचा सण येतो. आदल्या दिवशीच माणसं तळ्याकाठच्या आपापल्या घरांकडे निघून जातात आणि शहरातली बरीच दुकानं बंद राहतात. मेअखेर उत्तम, आपल्या शाळांच्या सुट्टीतही बसते. ध्रुवीय प्रकाशाच्या आशेने हेलसिंकीला जाणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट नको म्हणते. शहराच्या दिव्यांत तो क्वचितच दिसतो. त्यासाठी दूर उत्तरेला लॅपलँडच गाठावं.

विमानतळावरून लोकलने अर्ध्या तासात मध्यवर्ती स्टेशन येतं, आणि तिथून पाच मिनिटांवर ओडी हे ग्रंथालय. फिनलंडच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीची भेट म्हणून ते बांधलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. पहिली सकाळ इथेच घालवा. आत जायला पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. पुस्तकं सगळ्यांत वरच्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर, गाणं-बजावणं करायच्या खोल्या. मी गेले तेव्हा एक आजोबा मशीनवर पडद्याला दुमड घालत होते आणि शेजारची शाळकरी मुलगी त्यांना दोरा ओवून देत होती. वर बाबागाड्या लावायची जागा आहे, रांगणारी बाळं आहेत, आणि त्यांना कुणी गप्प बसवत नाही. गच्चीत उभं राहिलं की चौकापलीकडे थेट संसद. या देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९२८ चा आहे, आणि आपल्या राज्याचा १९६७ चा. ग्रंथालय म्हणजे शहरातल्या प्रत्येकाची बसायची हक्काची जागा, हे मी नोकरीभर बोलत आले होते. तिथे ते रोजच्या वापरात बघून मला फार बरं वाटलं, आणि आपल्याकडे ते होऊ शकतं असंही ठामपणे वाटलं.

सुओमेनलिन्ना हा बेटांवरचा किल्ला १७४८ पासून स्वीडिश राजवटीत बांधला गेला. बाजारचौकातून बोटीने पाव तास, आणि ट्रामचंच तिकीट चालतं. तिथे आजही माणसं राहतात, म्हणून तासाभरात परत फिरू नका. जेवणाचं विचाराल तर मोठं जेवण दुपारी घ्या. कामाच्या दिवशी अकरापासून बऱ्याच हॉटेलांत दुपारची थाळी ठरावीक दरात मिळते, रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त.

सौनाला आपल्या बायका बिचकतात. कल्लिओ भागात १९२८ पासूनचं कोतीहार्यू आहे. अजून लाकडावर तापतं, आणि बायकांचा विभाग वेगळा आहे. कपड्यांशिवाय बसायचं असतं, पण कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. अगदीच संकोच वाटला तर समुद्रकाठी पोहण्याचा पोशाख घालून बसायची सौनाघरं आहेत.

आणि एक दुपार राखून ठेवा ती खाशाबा जाधवांसाठी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. ऑलिंपिक स्टेडियमचा ७२ मीटरांचा मनोरा बघायला पर्यटक जातात, पण कुस्त्या स्टेडियममध्ये झाल्याच नाहीत. त्या झाल्या जवळच्या मेस्सुहाल्लीत. त्याला आता त्योल्यो क्रीडागृह म्हणतात, आणि तिथे आजही मुलं खेळायला येतात. माझ्या पाहण्यातल्या एकाही सहलपत्रकात या इमारतीचं नाव नाही. मराठी माणसांना हेलसिंकीला नेणाऱ्यांनी ती कार्यक्रमात घातलीच पाहिजे, आणि अर्ध्या दिवसात बसत नसेल तर स्टॉकहोमची बोट पुढे ढकलावी.