हवेची गादी आणि तिची निगा

अर्धांगवायूनें अथवा मांडीचें हाड मोडल्यानें घरांतील वडीलधारें माणूस अंथरुणास खिळलें, म्हणजे डॉक्टर हवेची गादी आणावयास सांगतात. एके काळीं ती मोठ्या रुग्णालयांतच दृष्टीस पडे. आतां ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या, कारखान्यांनीं वेढलेल्या पावणे गांवासारख्या ठिकाणींही ती विकत वा भाड्यानें आणतां येते. हें इष्टच झालें. परंतु गादी आली कीं शुश्रूषेचा भार उतरला, असा जो समज तिच्याबरोबर घरांत शिरतो, तो रुग्णाच्या पाठीस फार महाग पडतो.

हाड आणि अंथरूण यांच्यामध्यें कातडी दीर्घकाळ चेपली गेली, म्हणजे तेथील सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त वाहत नाहीं व तो भाग मरूं लागतो. हाच शय्याव्रण. माकडहाड, कमरेच्या बाजू, टाचा, कोपरें हीं त्याचीं नेहमींचीं ठिकाणें. गादीच्या कप्प्यांत पंप आळीपाळीनें हवा भरतो व सोडतो. बहुतेक पंपांत हा फेरा सुमारें १० मिनिटांचा असतो. त्यामुळें एकाच जागीं भार राहत नाहीं. तिचें कार्य इतकेंच. कूस पालटण्याचें काम घरच्यांचें. तें साधारणतः दर २ तासांनीं, अथवा डॉक्टर सांगतील तसें करावें, आणि त्याच वेळीं कातडी पाहावी. बोटानें दाबूनही जी लाली फिकी होत नाहीं, ती धोक्याची खूण. सांवळ्या कातडीवर लाली दिसत नाहीं, तेथें हातास ऊन वा टणक लागतें काय तें पाहावें.

सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या १९ व्या अध्यायांत व्रणी माणसाची शय्या प्रशस्त व नीट आंथरलेली असावी असें सांगितलें आहे. ‘नीट’ म्हणजे ‘पुष्कळ’ नव्हे! मायेपोटीं आपण गादीवर गोधडी, तीवर मेणकापड आणि त्यावर दुहेरी चादर घालतों. हवेचा सारा गुण त्या थरांत जिरून जातो. सैलसर एकच सुती चादर पुरे. ती टांचण्यास सेफ्टीपिन कदापि वापरूं नये. पंपावरील खुंटी रुग्णाच्या वजनाप्रमाणें लावावी, आणि रुग्ण निजल्यावर हवेच्या गादीखालून माकडहाडापाशीं तळहात सरकवून पाहावा. हाड हातास लागलें तर हवा कमी आहे. वीज गेल्यास गादी हळूहळू बसते. अशा वेळीं कूस अधिक वेळां पालटावी.

उदबत्ती, निरांजन, डासांची कॉइल व विडी हीं त्या पलंगापासून दूर असावींत. ठिणगीनें गादीस भोंक पडलें, तर आंतील हवा आगीस फुंकर घालते आणि चालू पंप ती पुरवीतच राहतो. पंपावर पांघरूण पडूं देऊं नये.

स्वच्छतेविषयीं हयगय सर्वत्रच दिसते. आमच्या परिचयाच्या एका घरीं भाड्याच्या गादीच्या आच्छादनाची चेन उघडली, तों आंत जुन्या डागांचा नकाशाच उमटलेला! दुकानदाराचें म्हणणें, ‘पुसूनच दिली आहे.’ शाळेचा फळा पुसावा तशी पुसली असावी. फाटक्या वा झिजलेल्या आच्छादनांतून रक्त व मूत्र आंत मुरतें आणि पुढच्या रुग्णास त्याचा संसर्ग होऊं शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१३ सालींच दिला होता. म्हणून गादी घेतांना आच्छादन दोन्ही बाजूंनीं उजेडांत पाहावें. चीर, चिकटपणा वा आंत ओल आढळल्यास ती परत करावी.

पुसण्यापूर्वीं रुग्णास दुसऱ्या अंथरुणावर घ्यावें व पंपाची वीज काढावी. प्रथम साबणाच्या कोमट पाण्यानें मळ काढावा. मूत्रावर थेट ब्लीच ओतल्यास विषारी वायू निघतो. नंतर, गादीच्या माहितीपत्रकांत निषेध नसेल तर, ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट २० मिलिलिटर घेऊन त्यांत पाणी घालून एकूण १ लिटर करावें, त्यानें गादी पुसून १० मिनिटें ओली ठेवावी व मग साध्या पाण्यानें पुसावी. त्यांत ॲसिड अथवा संडास धुण्याचें औषध मिसळूं नये. फिनेल, पेट्रोल, उकळतें पाणी हीं वर्ज्य. आपल्याकडे गाद्यांना ऊन दाखविण्याची चाल आहे. कापसाच्या गादीस तें हितकर, पण हिचें प्लॅस्टिक त्यानें कडक होऊन तडकतें. ती सावलींत वाळवावी, आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच चादर घालावी.